कोरडा बनियन

माझ्या मामाला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारणारं माणूस मी पाहिलेलं नाही. मामी त्याला ‘अहो’ म्हणायची, त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे आमची ताई, ‘बाबा’ म्हणायची आणि उरलेलं जग ‘कोरडेमास्तर’ म्हणायचं. कोरडे हे त्याचं आडनाव आहे अशी पुष्कळांची प्रामाणिक समजूत होती. कुणाच्या तरी लग्नपत्रिकेवर तसं छापूनही आलं होतं. मामानं ती चूक कुणाला कळवली नाही. पत्रिका मात्र जपून ठेवली.

खरं तर ती पदवी होती. मामा बेकरीत भट्टीवर कामाला होता आणि त्या बेकरीत भट्टीवरच्या माणसांचे दोनच प्रकार मानत: ओला आणि कोरडा. नवा माणूस भट्टीच्या तोंडाशी उभा राहिला की घटकाभरात त्याचा सदरा पाठीला चिकटायचा. तो ओला. मग वर्षं जातात, अंग आगीला सरावतं, आणि एक दिवस असा उजाडतो की माणूस अख्खी पाळी संपवून बाहेर येतो आणि त्याचा सदरा नुकताच घडीतून काढल्यासारखा दिसतो. तो कोरडा. त्या बेकरीच्या सगळ्या इतिहासात या पदाला एकच माणूस पोचला, तो आमचा मामा. बाकीचे जन्मभर उमेदवारच राहिले.

या शास्त्राला एक पोटकलमही होतं. पाणी प्यायलं की घाम येतो आणि घाम आला की माणूस कच्चा. तेव्हा पाळी चालू असताना भट्टीवरच्या माणसानं पाणी मागायचं नाही. चहा चालत असे. चहा पाण्याचाच करतात, ही गोष्ट तेव्हा कुणाच्या ध्यानात आलेली दिसत नाही.

बेकरी जुनी होती. रस्त्याच्या बाजूला दुकान, दुकानामागे भट्टी आणि भट्टीच्या पलीकडे, एक बोळ ओलांडून, पिठाची खोली. भट्टी विटांची होती, गुहेसारखी खोल, लाकडावर पेटणारी. मामा तिच्या तोंडात उघडा हात घालायचा, क्षणभर डोळे मिटायचा आणि म्हणायचा, ‘थांबा जरा.’ किंवा ‘चला, भरा.’ मग लांब दांड्याच्या फळीवरून पावाचे साचे आत सरकायचे. पाव बाहेर आला की तो उलटा करून बुडावर बोटानं टिचकी मारायची आणि कान द्यायचा. पोकळ आवाज आला तर भाजला. मामाचं आयुष्यातलं सगळं संगीत एवढंच, पण त्यात तो तयार होता.

पिठाची खोली वेगळ्याच जगातली. जाड भिंती, उंचावर एक झरोका, खाली दगडी फरशी आणि मधोमध गारेगार संगमरवरी टेबल. उन्हाळ्यात पीठ लवकर फुगून आंबतं, म्हणून ते मळायला बर्फाचं पाणी घेत. मळलेल्या पिठावर ओली फडकी टाकत. ती वाळायच्या आत पुन्हा भिजवत. आणि बेकरीच्या मोठ्या मालकांचा तोंडी हुकूम असे: ‘काम नसलेल्या माणसानं पिठाच्या खोलीत थांबायचं नाही. अंगाची ऊब पिठाला लागते.’ त्यामुळे भर उन्हाळ्यात पीठ गारव्याला निजलेलं असे आणि माणसं भट्टीशी उभी असत. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पीठ बिघडलं तर नुकसान होतं.

लग्न झालं तेव्हा मोठ्या मालकांनी मामाला बेकरीच्या वरची खोली राहायला दिली, ती कायमची. मला त्या खोलीइतकं दुसरं कुठलंच घर आठवत नाही. सुट्टी लागली की आई मला तिथे नेऊन सोडायची. भट्टीचं धुरांडं त्या खोलीच्या एका भिंतीतून वर जायचं, त्यामुळे ती भिंत बारा महिने कोमट असायची. थंडीत आम्ही मुलं तिला पाठ लावून बसायचो. मामी तिच्याशी ओले कपडे वाळत घालायची, दुधाला विरजण तिथेच लावायची, आणि कुणाचं पोट दुखलं तर त्यालाही तिथेच टेकवून ठेवायची. बहुतेक वेळा ते थांबायचंही. पहाटे जिन्यातून भाजल्या पावाचा वास वर यायचा आणि त्या वासानं जाग यायची. नंतर मी बऱ्याच बऱ्या-वाईट गजरांवर उठलो. त्या वासासारखा गजर पुन्हा मिळाला नाही.

उन्हाळे तेव्हाही होते. लोक उगाच म्हणतात की पूर्वी उकडत नसे. चांगलं उकडायचं. पण त्या काळच्या उन्हाला वेळेचं भान होतं. दिवे लागले की ते उठून जायचं. मग मामी गच्चीवर बादलीनं पाणी शिंपडायची, चर्र आवाज व्हायचा, तापल्या जमिनीतून वाफ निघायची, आणि थोड्या वेळानं त्याच जमिनीवर चटई टाकून उताणं पडलं की पाठीला गार लागायचं. समोरच्या वाड्यात... वाडा कसला, मोकळी जागाच होती ती. तिथे एक भलंमोठं झाड होतं आणि त्याच्या फांद्या आमच्या गच्चीवर अर्ध्यापर्यंत आलेल्या. मामा अंघोळ करून, केस चापून, कोरडा सदरा घालून यायचा. खालून जाणारं कुणीतरी ओरडायचं, ‘काय कोरडेमास्तर, आज भट्टी पेटवली होती की नाही?’ मामा कठड्यावरून वाकून म्हणायचा, ‘पेटवली होती. थंडी वाजली म्हणून घरी आलो.’ हा विनोद रोज व्हायचा. रोज नव्यानं हसायचे सगळे.

आता या पदवीमागची गोष्ट सांगायला हरकत नाही. ती जगात दोघांनाच ठाऊक होती.

मामाला कुणाहीइतकाच घाम यायचा. किंबहुना जास्तच. मामी रोज त्याच्या पिशवीत, डब्याच्या खाली, तीन बनियन गुंडाळून द्यायची. भट्टीमागे लाकडांचा ढीग होता. मामा अधूनमधून ‘लाकूड बघून येतो’ म्हणून तिकडे जायचा, बनियन बदलायचा आणि तिथे लपवलेल्या माठातलं पाणी घटाघटा प्यायचा. सदरा दिवसभर खुंटीला. पाळी संपली की तो अंगात चढवायचा आणि मंद चालीनं दुकानातून बाहेर पडायचा. सुरुवात निव्वळ अपघातानं झाली होती. एकदा अंगावर पिठाचं पाणी सांडलं म्हणून त्यानं कपडे बदलले आणि नेमके दारात मोठे मालक भेटले. त्यांनी पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, ‘अरे, हा तर कोरडा!’ मामा तरुण होता, नवं लग्न झालेलं. नाही म्हणायला जीभ वळली नाही. त्यानंतर उभा जन्म मामीनं रोजचे तीन बनियन धुतले. ‘त्यांच्या मोठेपणाला साबण माझा लागायचा,’ असं ती मला एकदा म्हणाली.

मग काय व्हायचं ते झालं. मोठे मालक गेले, धाकटे मालक आले. लाकडाची भट्टी गेली, विजेची आली. तिला आत हात घालून विचारायची गरज नव्हती. ती स्वतःच आकडा दाखवायची. मामा काम सोडून घरी बसला. वरच्या खोलीतली भिंत थंड पडली. पहिल्या थंडीत मामी सवयीनं तिच्याशी विरजण लावून बसली आणि सकाळी दूध होतं तसं दूध. खोलीचं छत गळायला लागलं म्हणून मालकांनी ते उतरवून पत्रे टाकून दिले. समोरचं झाड गेलं, त्या जागी इमारत आली, आणि तिच्या झाडून सगळ्या खिडक्यांखाली गार हवेच्या यंत्रांचे डबे आमच्या गच्चीकडे तोंड करून गरम वारा सोडायला लागले. जन्मभर खालून येणारी ऊब बंद झाली आणि वरून आणि समोरून सुरू झाली. उन्हानं आता उठून जायचंही सोडलं होतं. दिवे लागले तरी ते गच्चीवर बसलेलंच असायचं. मामी पाणी शिंपडायची, वाफ निघायची, गार काही लागायचं नाही.

ताई दवाखान्यात नर्स होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला तिचं तळमजल्याचं घर होतं, मागे थोडी झाडं. दर उन्हाळ्याला ती येऊन तेच बोलायची.

‘बाबा, पत्र्याखाली दुपारचं बसू नका. आता वय झालं. या वयात तहान लागलेली कळत नाही, अंग तापलेलं कळत नाही. त्यातून तुमची ती ब्लडप्रेशरची गोळी अंगातलं पाणी काढून टाकते.’

‘मला कळत नाही? अगं, भट्टीत हात घालून सांगायचो मी, आत्ता भरा की मग भरा.’

‘भट्टीत हात होता बाबा. आता अख्खे तुम्ही आत आहात.’

‘पंखा आहे की.’

‘बाहेरची हवाच तापलेली असली की पंखा तीच हवा अंगावर मारतो. निदान दुपारी खाली जाऊन बसा. पिठाची खोली केवढी गार आहे!’

यावर मामा दुखावल्यासारखा दिसायचा. ‘पिठाच्या खोलीत माणूस बसत नसतो.’

‘मग माझ्याकडे चला ना दोघं. दोन महिने तरी.’

तिला न कळलेली गोष्ट अशी की मामाला तिथे जायची भीती वाटत होती. इथे तो सकाळी उठून जिना उतरायचा, दुकानात एक पाव उलटा करून टिचकी मारायचा, कान द्यायचा, मान हलवायचा. धाकटे मालक ‘कसा झालाय मास्तर?’ विचारायचे. नवे भट्टीवाले त्याच्याकडे चोरून बघायचे. तिथे, शहराच्या त्या टोकाला, तो फक्त ‘नर्सबाईंचे वडील’ होता.

म्हणून एका उन्हाळ्यात तिनं फारच धरून बसल्यावर मामानं तोडगा काढला. ‘हे बघ. ज्या दिवशी मला उकडेल, त्या दिवशी मी आपण होऊन तुझ्या घरी येईन. शब्द देतो.’

‘शब्द दिला यांनी,’ मामी भांडी पुसता पुसता म्हणाली. ‘आता झालं कल्याण.’

तिला नवरा ठाऊक होता. त्या दिवसापासून मामाच्या बोलण्यातून ‘उकडणे’ हे क्रियापदच नाहीसं झालं. हवा फार तर ‘जरा उबदार’ असायची. मामीनं खिडकीवर ओला पडदा लावला तर तो म्हणायचा, ‘सर्दी करशील मला.’ ताईनं पाण्याची बाटली आणून उशाशी ठेवली. मामा ती कुंडीतल्या रोपाला घालायचा. रोप जोमात होतं.

पुढच्या उन्हाळ्यात तो प्रकार घडला. आधीचे बरेच दिवस सारखे तापले होते आणि रात्रीही हवा हलत नव्हती. झोप कुणाचीच नीट होत नव्हती. त्या दुपारी मामी खाली दुकानात बसली होती. मामाला तिनं दोनदा हाक मारली; दोनदा वरून ‘मी बरा आहे’ असं आलं. तिसऱ्यांदा काही आलं नाही म्हणून ती जिना चढून वर गेली.

मामा धुरांड्याच्या जुन्या भिंतीला पाठ लावून बसला होता. उघडा. अंगावरून काढलेला बनियन त्याच्या हातात होता आणि चेहऱ्यावर, मामीच्याच शब्दांत, ‘शाळेत पहिला नंबर आल्यासारखं’ हसू.

‘हे घे,’ तो म्हणाला. ‘बघ. कोरडा.’

मामीनं बनियन हातात घेतला. आयुष्यभर तिनं त्या माणसाचे बनियन हाताळले होते. पिळून काढावा लागला नाही असा उन्हाळ्यातला एकही तिला आठवत नव्हता. हा दोरीवरून काढल्यासारखा कडकडीत होता. काखेशी मिठाचा पांढरा डाग, तोही जुना, वाळलेला. तिनं त्याच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. कातडी लाल आणि कागदासारखी कोरडी.

‘अहो, बरं वाटतंय ना?’

‘मोठे मालक आले का खाली? त्यांना दाखव,’ मामा म्हणाला. मोठ्या मालकांना जाऊन कित्येक वर्षं झाली होती. ‘आणि साचे भरून ठेव म्हणावं. भट्टी आज सुरेख लागलीय.’ उठायला गेला आणि बसल्या जागी कलला.

मामी माझ्या माहितीत कधी मोठ्यानं बोललेली बाई नव्हती. त्या दिवशी तिनं जिन्याच्या तोंडाशी उभं राहून जी हाक मारली ती म्हणे रस्त्यापलीकडच्या न्हाव्यानंही ऐकली. धाकटे मालक आणि हल्लीचा भट्टीवाला, तिशीतला एक दणकट गडी, धावत वर आले. मामीनं तोवर ताईला फोन लावला होता.

‘आई, घाम येतोय का त्यांना?’

‘नाही गं! तेच तर! बनियन कोरडा आहे!’

पदवीचा इतका निर्मळ अर्थ आजवर कुणी लावला नव्हता. पलीकडून ताईचा आवाज बदलला; मुलीचा गेला, नर्सचा आला. ‘उष्माघात आहे. रुग्णवाहिका मी बोलावते, पण तिची वाट बघत बसू नका. आधी त्या खोलीतून बाहेर काढा त्यांना. खाली सगळ्यात गार जागा कुठली आहे?’

मालकांनी भट्टीवाल्याकडे पाहिलं, भट्टीवाल्यानं मालकांकडे. उत्तर दोघांनाही येत होतं.

‘पिठाची खोली,’ मालक म्हणाले.

‘पण आत पीठ आहे,’ भट्टीवाला म्हणाला.

‘पीठ बाहेर काढ.’

बेकरी सुरू झाल्यापासून माणसासाठी पीठ बाहेर निघण्याची ती पहिलीच वेळ. दोघांनी मामाला उचलून खाली आणलं आणि ज्या संगमरवरी टेबलावर पिठाचे गोळे थापले जात त्याच टेबलावर आडवं केलं. पिठावरची ओली फडकी उचलून त्याच्या अंगभर टाकली आणि वरून गार पाणी ओतत राहिले. दुकानातला टेबलफॅन आणून लावला. पीठ मळायच्या पाण्यासाठी आणलेला बर्फ फडक्यांत बांधला. फोन स्पीकरवर लावून भट्टीवाल्याच्या वरच्या खिशात ठेवला होता, त्यामुळे त्याची छातीच बोलत असल्यासारखं वाटत होतं.

‘बर्फ मानेला लावा. काखांत ठेवा. आणि मांडीच्या सांध्यांत.’

भट्टीवाला अडखळला.

‘लाजू नका,’ त्याची छाती म्हणाली. ‘ठेवा म्हणते ना.’

‘थोडं पाणी पाजू का गं?’ मामीनं विचारलं. ‘ओठ बघवत नाहीत.’

‘नको आई. भलतंसलतं बोलतायत, म्हणजे शुद्ध जाग्यावर नाही. ठसका लागून पाणी छातीत जाईल. आत काही घालू नका, बाहेरून ओलं करा. थांबू नका, ओलं करत राहा.’

मामी फडकी भिजवत राहिली. वाळायच्या आत भिजवायचं, हे त्या घरात कुणाला शिकवावं लागत नव्हतं. बराच वेळ झाला असं तिला वाटलं. किती, ते तिला कधीच सांगता आलं नाही. मग मामाचे डोळे किलकिले झाले. तो छताकडे बघत राहिला, मग झरोक्याकडे, मग त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

‘पिठाच्या खोलीत कोण झोपलंय?’ तो म्हणाला. ‘उठव त्याला.’

मामी रडायला लागली आणि तिला हसू आवरेना, दोन्ही एकदमच. तेवढ्यात रस्त्यावर रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की गाडीची वाट बघत बसला असतात तर सांगण्यासारखं काही उरलं नसतं. जागच्या जागी थंड केलं म्हणून वाचले. मूत्रपिंडांना बराच ताण बसला होता, तो हळूहळू उतरला. गोळी बदलून दिली. एकदा ऊन असं लागलं की पुन्हा लवकर लागतं, हेही बजावलं. बेकरीत बोळात ठेवलेलं पीठ मात्र त्या दुपारी नको तेवढं फुगलं आणि दुसऱ्या दिवशीचा पाव आंबट निघाला. गिऱ्हाइकांनी तक्रारी केल्या. धाकट्या मालकांनी कुणाला कारण सांगितलं नाही.

मामा घरी आल्यावर ताई खोलीत उभी राहून बॅग भरू लागली.

‘हे काय?’ मामा म्हणाला.

‘तुम्ही शब्द दिला होता बाबा.’

‘मी शब्द मोडलेला नाही.’ मामाचा आवाज अजून क्षीण होता, पण मुद्दा धडधाकट होता. ‘ज्या दिवशी मला उकडेल त्या दिवशी, असं म्हणालो होतो. मला उकडलं नाही. उकडलं असतं तर घाम आला असता. तूच सांग, आला होता?’

ताईनं हातातला सदरा तसाच बॅगेत टाकला. दवाखान्यात तिनं नाना तऱ्हेचे रोगी पाहिले होते. कायद्यावर बोट ठेवणारा पहिलाच.

मामी तोवर खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता ती म्हणाली, ‘अहो, बनियनचं सांगू का मोठ्यानं? खिडकी उघडीच आहे. खाली दोघं-तिघं बसलेत.’

मामानं खिडकीकडे पाहिलं. खालून भट्टीवाल्याचं हसणं ऐकू येत होतं. मामानं त्या थंड भिंतीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाला, ‘माझा चष्मा विसरू नकोस.’

ताईला बनियनचं काय ते कळेना. तिनं आईला दोनतीनदा विचारलं. आई म्हणाली, ‘नवराबायकोचं असतं काहीतरी.’

ताईच्या घरी मामा रुळला असं मी म्हणणार नाही. जागा गार होती. दुपारी खिडक्यांवर ओले पडदे, संध्याकाळी मागच्या झाडांचा वारा, उशाशी पाण्याची बाटली. तहान लागो न लागो, तो आता घोट घोट प्यायचा; रोप ताईकडेही होतं, पण त्याच्यावर मामीचं लक्ष होतं. फक्त पहाटे तो जागा व्हायचा आणि पडून राहायचा. एकदा मी मुक्कामाला होतो तेव्हा विचारलं, ‘काय मामा, झोप नाही का?’ म्हणाला, ‘झोप आहे रे. वास नाही.’

रोज अंघोळीआधी मात्र एक नवा विधी सुरू झाला. मामा बनियन काढून मामीच्या हातात द्यायचा आणि उभा राहायचा. मामी तो पिळायची. पाणी निघालं की मान हलवायची आणि मग त्याला अंघोळीला सोडायची. ज्या घामासाठी त्यानं जन्मभर लाकडांचा आडोसा शोधला, तो आता रोज तपासणीला हजर करावा लागायचा. पास झाला की मामा खूश असायचा. माणसाला कशाचा अभिमान वाटेल याला काही धरबंध नाही.

त्याला सकाळी, ऊन चढायच्या आत, बेकरीत नेऊन आणायचं काम माझ्याकडे आलं. मामीही यायची. पहिल्याच दिवशी मामानं पाव उलटा करून टिचकी मारली, कान दिला, मान हलवली, आणि सगळे जण सुटकेनं हसले. मग भट्टीवाला आतून आला. त्यानं मामाकडे पाठ केली आणि सदरा ओढून दाखवला.

‘बघा मास्तर. पाळी संपत आली. जवळजवळ कोरडा. येतंय ना जमत?’

त्याचे ओठ फुटले होते. मामा त्याच्याकडे बघत राहिला. ‘पाणी कधी प्यायलास?’

‘पाळी सुरू झाल्यापासून थेंब नाही,’ गडी अभिमानानं म्हणाला. ‘तुमच्यासारखं.’

‘लघवीला?’

‘रात्रीपासून लागलीच नाही. डोकं तेवढं ठणकतं, पण ती सवय होईल.’

मामाचा चेहरा कसा झाला ते मला नीट सांगता येणार नाही. त्यानं मामीकडे पाहिलं. मामीनं या वेळी खिडकी दाखवली नाही. मामानं सावकाश सदऱ्याची बटणं काढली, सदरा खांद्यावरून उतरवला आणि दुकानाच्या मधोमध वळून सगळ्यांना पाठ दाखवली. एवढ्याशा चालण्यानं बनियन पाठीला चिकटला होता.

‘मला जन्मभर असाच घाम आला,’ तो म्हणाला. ‘रोज तीन बनियन लागायचे. लाकडामागे माठ होता. मी पाणी प्यायचो, बनियन बदलायचो आणि कोरडा सदरा घालून बाहेर यायचो. कोरडा माणूस असा प्रकारच नसतो. एकदाच झालो खरा कोरडा, तेव्हा तूच मला उचलून आणलंस.’

मग भट्टीवाला खो खो हसायला लागला.

‘मास्तर पण ना! दुखण्यातून उठले की लगेच थट्टा!’

‘अरे थट्टा नाही. अगं, सांग ना यांना.’

‘खरं आहे,’ मामी म्हणाली. ‘मीच धुवायची.’

‘मास्तरीणबाई पण सामील!’ सगळ्यांना आणखीच हसू लोटलं. गिऱ्हाइकंही हसली. कुणीतरी म्हणालं, बघा, मोठी माणसं अशी असतात, स्वतःचा मोठेपणा सांगत नाहीत. मामा हताश होऊन सगळ्यांकडे बघत राहिला. ज्या गोष्टीला तो इतकी वर्षं घाबरून होता ती त्यानं भर दुकानात सांगितली होती आणि तिच्यामुळे त्याची पदवी आणखी एक पायरी वर चढली होती.

मग तो चिडला. मामा चिडलेला मी तेवढाच पाहिला. त्यानं दुकानातला जग उचलला, पेला भरला आणि भट्टीवाल्यासमोर धरला. ‘पी.’

गड्यानं प्यायलं. पटलं म्हणून नव्हे. मास्तर म्हणाले म्हणून.

‘आणखी. रोज मध्येमध्ये प्यायचं, तहान लागायची वाट बघायची नाही. आणि धाकटे मालक, दुपारी भट्टीवरच्या माणसानं मधून मधून पिठाच्या खोलीत जाऊन बसायचं. तिथे एक बाक टाका.’

मालक घुटमळले. ‘टाकू की मास्तर. पण पिठाला ऊब लागेल ना.’

‘पिठाला ऊब लागली तर पाव आंबट होतो,’ मामा म्हणाला. ‘तेवढंच होतं.’

बाक पडला. तो अजून तिथे आहे. मामा त्यानंतरही बरेच उन्हाळे जगला, आणि गेला तो भर थंडीत, झोपेत. मी अधूनमधून त्या बेकरीत जातो, पाव घेतो, टिचकी मारून बघतो. मला काही कळत नाही. भट्टीवाले बाकावर बसून पाणी पितात आणि नव्या माणसाला सांगतात की इथे एक कोरडेमास्तर होते, त्यांना भट्टीसमोर घाम येत नसे, पण आपल्याला येतो, तेव्हा आपण प्यायचं. गोष्ट चुकीची आहे. पाणी बरोबर पितात.

पण त्या दिवशी घरी परतताना मामा सबंध रस्ता धुसफुसत होता. ‘खरं सांगितलं तर हसतात. काय माणसं आहेत!’ घरी आल्यावर त्यानं बनियन काढून तिच्या हातात दिला आणि सवयीनं उभा राहिला. मामीनं तो मोरीवर धरून पिळला. पाण्याची चांगली धार निघाली.

‘आज भरपूर आहे,’ ती म्हणाली.

‘चिडलो होतो ना,’ मामा म्हणाला, आणि समाधानानं अंघोळीला गेला.